पाऊण म्हणजे किती?

खेड्यातील माणूस काळाची गणना तारखेने क्वचितच करतो. त्याचे वायदे, त्याची देणीघेणी, सोयरिकीची बोलणी आणि त्याच्या आठवणीसुद्धा आठवडे बाजाराच्या वाराला बांधलेल्या असतात. 'मागल्या बाजाराला भेट झाली होती', 'तीन बाजार होऊन गेले, बैलाचे उरलेले पैसे अजून आले नाहीत', 'येत्या बाजाराला बियाणे आणू' ही भाषा ज्याच्या कानांवर पाळण्यात असल्यापासून पडलेली असते, त्या नऊदहा वर्षांच्या मुलाला सहामाही आणि वार्षिक ही शाळेने ठरवून दिलेली काळाची मापे क्षितिजावरच्या डोंगरासारखी दूरची वाटावीत, आणि एका दिवसाचे पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकांत केलेले तुकडे अतिशय आखूड वाटावेत, हे स्वाभाविकच आहे. त्याच्या मुठीत नेमके मावणारे काळाचे माप एकच, आणि ते म्हणजे आठवडा. सोमवारी मनात उत्पन्न झालेले कुतूहल शनिवारपर्यंत जिवंत ठेवणे त्या वयात साधते. त्याहून अधिक काळ ते ताणले तर ते कोमेजते, आणि एकाच तासिकेत उरकले तर त्याला मूळच फुटत नाही. गेल्या दसऱ्यानंतर चौथी-पाचवीच्या एका वर्गात सोमवार ते शनिवार सलग बसण्याचा योग आला, तेव्हा हा माझा समज दृढ झाला. आणि त्या सहा दिवसांत तेथे जे घडले ते तपशिलाने सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ही शाळा सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात, माण तालुक्यातील एका लहान गावी आहे. सह्याद्रीला आदळून रिते झालेले मेघ या प्रदेशावरून नुसते वाहत जातात. ज्वारी-बाजरीचे कोरडवाहू रान, बाभळी-बोरींची माळराने आणि मेंढरांचे कळप हेच येथले वैभव. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली प्रसिद्ध झाली तेव्हापासून माणदेशातील शाळा म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे एक कोवळा मास्तर आणि त्याच्याभोवती जमलेले धनगरांचे गाव उभे राहते. आजची ही शाळा त्या चित्राहून पुष्कळ पुढे आली आहे. दोन पक्क्या खोल्या, समोर अंगण, पाण्याची टाकी, भिंतींवर रंगवलेले नकाशे, आणि पटावर ४८ मुले. गुरुजींकडे पहिली ते तिसरी आणि बाईंकडे चौथी-पाचवी अशी वाटणी आहे; बाईंच्या खोलीत दोन इयत्ता मिळून २२ मुले बसतात.

दोन इयत्ता एका खोलीत आणि शिक्षक एक, या व्यवस्थेला शिक्षण खात्याच्या परिभाषेत बहुवर्ग अध्यापन म्हणतात. ज्याने ते कधी पाहिलेले नाही त्याला ते अर्ध्या लक्षाने केलेले काम वाटण्याचा संभव आहे. परंतु जवळून पाहिल्यावर त्यातील कौशल्य ध्यानात येते. चौथीला वहीतले उदाहरण देऊन बाई पाचवीकडे वळतात, तेव्हा चौथीची मुले हाताने आपले उदाहरण सोडवीत असली तरी त्यांचे कान पाचवीच्या पाठाकडे लागलेले असतात; आणि चौथीचा पाठ चालू असताना पाचवीतील एखादा मागे पडलेला मुलगा गतवर्षी निसटलेली गोष्ट कोणाच्याही लक्षात न येता पुन्हा ऐकून घेतो. या दुसऱ्या संधीचे मोल फार मोठे आहे. ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताची 'असर' नावाची जी पाहणी २००५ पासून होत आली आहे, तिच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे ग्रामीण भारतात पाचवीतील सुमारे निम्म्याच मुलांना दुसरीच्या तोडीचा उतारा सरळ वाचता येतो, आणि भागाकाराचे साधे उदाहरण तर जेमतेम तिघांतील एकाला जमते. म्हणजे चौथी-पाचवी हा असा उंबरठा आहे की जेथे वाचायला शिकण्याचे वय संपून वाचून शिकण्याचे वय सुरू व्हावयाचे असते, आणि निम्मी मुले त्या उंबरठ्यावरच थबकलेली असतात.

१ एप्रिल २०१० रोजी अमलात आलेल्या शिक्षण हक्काच्या कायद्याने पाचवीपर्यंतच्या मुलांसाठी वर्षाला निदान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणे बंधनकारक केले आहे. सहा दिवसांच्या हिशेबाने हे सुमारे तेहेतीस आठवडे होतात, आणि प्रत्येक आठवड्याच्या वाट्याला चोवीस तास येतात. वर्षभराची सारी पुंजी एवढीच. तिच्यातला एक तेहेतिसावा हिस्सा कसा खर्च झाला, ते आता पाहू.

सोमवारचा परिपाठ अंगणात झाला. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा आणि संविधानाची उद्देशिका झाल्यावर दिनविशेष आणि सुविचार झाले, आणि मग बातम्यांची पाळी आली. या शाळेत वर्तमानपत्रातल्या बातमीबरोबर गावची एक बातमी सांगण्याचा प्रघात आहे. चौथीतील एका मुलीने पुढे येऊन सांगितले की, काल सांजच्याला आमच्या वस्तीवर पाऊण तास पाऊस झाला. माणदेशात परतीच्या पावसाची किंमत सोन्याहून अधिक. त्यामुळे मुलांत आनंदाची कुजबुज झाली. तेवढ्यात पहिलीतल्या एका चिमुरड्याने विचारले, "पाऊण म्हंजे किती?" पाचवीतील एकाने उत्तर दिले, "पंचेचाळीस मिन्टं." दुसरा म्हणाला, "साडेसातशे ग्रॅम." आणि धनगरवाड्यावरचा एक मुलगा, जो एरवी वर्गात फारसा बोलत नाही, तो ठामपणे म्हणाला, "पाऊण म्हंजे पंधरा की, बाई."

मुले त्याच्याकडे पाहू लागली. परंतु तो चुकत नव्हता. त्याच्या घरी मेंढरे विसांत मोजतात. त्यांचा कळप साडेतीन विसांचा, म्हणजे सत्तरांचा आहे, आणि विसाचे पाऊण पंधराच होतात. बाईंनी तिघांनाही 'बरोबर' म्हटले, वर्गात येताच फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात 'पाऊण म्हणजे किती?' असे लिहिले, त्याभोवती चौकट आखली, आणि हे शनिवारपर्यंत पुसायचे नाही असे मुलांना बजावले. पाचवीच्या गणितात त्या आठवड्याला अपूर्णांकच होते, हे त्यांनी मला नंतर सांगितले. तरीही मुलाच्या तोंडून अकस्मात आलेला प्रश्न झेलून त्यावर सबंध आठवड्याची मांडणी करण्यासाठी जी तयारी आणि जे धाडस लागते, ते पाठ टाचणाच्या वहीत आगाऊ लिहिता येत नाही.

मंगळवारी गावातील एक आजोबा वर्गात आले. त्यांचे वय पंच्याऐंशीच्या आसपास. पंचावन्न-छप्पन सालच्या सुमारास सातवीची फायनल झालेले. मुलांनी आदल्या रात्री घरोघर 'पाऊण'ची चौकशी केली होती, आणि त्यांतल्या एकीने आपल्या पणजोबांनाच आणले होते. आजोबा भिंतीला टेकून बसले आणि त्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे एकामागून एक, एकही ठेच न लागता म्हणून दाखवले. दोन पाऊण म्हणजे दीड, तीन पाऊण म्हणजे सव्वादोन, चार पाऊण म्हणजे तीन, असा तो क्रम ऐकताना मुलांचे ओठ आपोआप हलू लागले. साडेतीनाच्या पाढ्याला औटकी म्हणतात, हे तर मुलांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

हे पाढे आता पाठ्यक्रमात नाहीत, आणि ते परत आणावेत असा माझा आग्रह नाही. पण ते का होते, हे मुलांना कळणे अगत्याचे आहे, आणि बाईंनी नेमके तेच समजावून दिले. जुना रुपया सोळा आण्यांचा आणि आणा चार पैशांचा. शेर सोळा छटाकांचा आणि मण चाळीस शेरांचा. अर्ध्याचे अर्धे आणि त्याचे पुन्हा अर्धे करीत जाण्याची ही मापे होती. म्हणून व्यवहारात पदोपदी पाव, अर्धा, पाऊण येत, आणि ज्याला पावकी-पाऊणकी येत नसे तो बाजारात हमखास नागवला जाई. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आले, आणि दशांशाचे राज्य सुरू झाले. बारा आणे म्हणजे पूर्वी अठ्ठेचाळीस पैसे होत, ते पंचाहत्तर झाले. पण दोन्ही पाऊण रुपयाच! पैशांचा आकडा बदलला, रुपयाशी असलेले त्याचे नाते बदलले नाही. हे वाक्य बाईंनी उच्चारले नाही; चौथीतल्या एका मुलीने आपल्या शब्दांत ते म्हटले, तेव्हा आजोबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

त्यानंतर बाईंनी जे केले ते मला विशेष हृद्य वाटले. त्यांनी फळ्यावर 'पाद' आणि 'ऊन' असे दोन शब्द लिहिले. पाद म्हणजे पाव, ऊन म्हणजे उणे. पावाने उणे ते पादोन, आणि तोच आपला पाऊण. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस यांतही हेच 'ऊन' लपलेले आहे, हे मुलांनी स्वतः शोधून काढले, आणि पुढची दहा मिनिटे वर्गात नुसती शिकार चालू होती. पावासह तो सपाद, म्हणून सव्वा. आणि अडीच हा शब्द 'अर्धतृतीय' यावरून आला, म्हणजे दोन पूर्ण आणि तिसरे अर्धे. व्याकरणाचा तास आणि गणिताचा तास यांच्यामधली भिंत त्या दिवशी तेथे उरलीच नव्हती.

गणित, भाषा आणि व्यवहार एकाच सूत्रात ओवण्याचा हा विचार आपल्याकडे नवा नाही. १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली, आणि त्या शिक्षणात मोडी-बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल यांबरोबर शेतीची प्राथमिक माहिती आणि आरोग्याचे पाठ असावेत असे सुचवले. पुढे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत नई तालीमची कल्पना मांडली गेली, आणि एखाद्या उद्योगाच्या आधाराने सर्व विषय शिकवण्याच्या रीतीला 'समवाय' हे सुंदर नाव रूढ झाले. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने मुलांच्या अनुभवातून पाठ उभा करण्याची हीच दिशा शहरी वर्गखोलीत धरली. माण तालुक्यातल्या या बाईंनी हा सारा इतिहास वाचला असेल वा नसेल. परंतु त्या परंपरेच्या वारसदार आहेत, हे निःसंशय.

बुधवारी मोजणी झाली. अंगणाच्या एका भागात परसबाग करावयाची, म्हणजे पोषण आहाराच्या स्वयंपाकाला मेथी-कोथिंबीर घरचीच मिळेल, असे ठरलेले होते. प्रश्न एवढाच की, जागा किती द्यावयाची. मुलांनी टेप धरून अंगण मोजले. लांबी २० मीटर, रुंदी १६ मीटर, म्हणजे क्षेत्रफळ ३२० चौरस मीटर. पाव बागेला आणि पाऊण खेळाला, असा ठराव रीतसर हात वर करून मंजूर झाला. आता पाव कापायचा कसा? एक गट म्हणाला, लांबीतून पाच मीटर सोडा. दुसरा म्हणाला, रुंदीतून चार मीटर सोडा. पुष्कळ वेळ कडाक्याचे भांडण झाले, कारण दोन्ही पट्ट्या दिसायला अगदी निराळ्या होत्या. शेवटी दोन्हींचे क्षेत्रफळ काढले, ते ८० चौरस मीटरच भरले, आणि भांडणारे दोन्ही गट एकदम गप्प झाले. आकार वेगळा असूनही क्षेत्र समान असू शकते, ही गोष्ट पुस्तकातल्या चौकटी मोजून कळण्यापेक्षा अशी भांडून कळली तर ती जन्मभर विसरत नाही.

मग एका मुलाने विचारले की, हे गुंठ्यांत किती? शेतकऱ्याच्या घरातला प्रश्न! तेहेतीस फूट लांब आणि तेहेतीस फूट रुंद तो एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर; तेव्हा शाळेचे अंगण तीन गुंठ्यांहून थोडे अधिक भरले. तलाठ्याच्या चावडीतील सात-बाराचा उतारा ज्यांच्या घरी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेला असतो, त्या मुलांना क्षेत्रफळ हा विषय परका राहण्याचे वस्तुतः काहीच कारण नाही; तो परका होतो तो केवळ आपण त्याला त्या पेटीपासून तोडतो म्हणून. दुपारी मुलांनी अंगणाचा नकाशा काढला. एक मीटरला एक सेंटिमीटर असे प्रमाण, उत्तरेचा बाण, झाडांना गोल, टाकीला चौकोन. चौथीच्या मुलांनी तो रंगवला आणि पाचवीच्या मुलांनी खाली सूची लिहिली.

गुरुवार हा बाजारवार. या दिवशी हजेरी रोडावते, हे सर्व खेडेगावांतील शिक्षकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कोणी आईबरोबर भाजीच्या पाटीशी बसतो, कोणी घरी धाकट्या भावंडांना सांभाळतो. सकाळी हजेरीपत्रक भरून होताच स्वयंपाक करणाऱ्या मावशी दारात आल्या आणि त्यांनी नेहमीप्रमाणे आकडा विचारला. सबंध शाळेतील ४८ पैकी ३६ मुले आली होती. पाचवीपर्यंतच्या मुलाला माणशी १०० ग्रॅम तांदूळ असे प्रमाण असल्याने रोजचे चार किलो आठशे ग्रॅम, आणि आज तीन किलो सहाशे. "आज पाऊण शाळा," असे पाचवीतली एक मुलगी पुटपुटली. तिने भागाकार केलाही नव्हता. चार बारांपैकी तीन बारा तिला दिसले, आणि तेवढ्यावरून ती बोलली. शाळेत शिजवलेल्या अन्नाची ही योजना देशभर रुजली ती सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर. पहिलीचे मूल शेवटच्या घासापर्यंत जेवते की नाही हे पाचवीची मुले पाहतात, ताटे मांडतात, पाणी देतात. हीही शाळाच आहे, आणि तिचे गुण कोठे नोंदवले जात नाहीत याचे मला वाईट वाटते.

जेवणानंतर बाईंनी वर्ग बाजारात नेला. प्रत्येक जोडीने एका विक्रेत्यापाशी उभे राहून पाऊण किलोचा हिशेब तो कसा करतो हे पाहायचे आणि वहीत टिपायचे, असे काम होते. वांगी साठ रुपये किलो. भाजीवाल्या मावशीने क्षणार्धात पंचेचाळीस सांगितले. कसे, असे विचारल्यावर ती म्हणाली की, साठाचा पाव पंधरा, तो साठातून टाकला. म्हणजे तिने पाऊण हा शब्द जसा बनला आहे तसाच हिशेब केला: पावाने उणे! शेजारच्या किराणा दुकानदाराच्या काट्यावर ०.७५० असा आकडा उमटला आणि यंत्रानेच पैसे सांगितले. तिसऱ्या ठिकाणी एका म्हाताऱ्याने अर्धा आणि पाव वेगळे काढून बेरीज केली, तीस आणि पंधरा. एका उत्तराकडे जाणाऱ्या तीन वाटा मुलांनी तासाभरात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या. आईच्या पाटीपाशी बसलेली त्या दिवशीची गैरहजर मुलेही तेथे भेटली; बाई त्यांना रागावल्या नाहीत, उलट त्यांनाच इतरांना शिकवायला सांगितले. पटावर त्यांची गैरहजेरी लागली हे नियमाप्रमाणे झाले, पण त्या दिवशी सगळ्यांत अधिक तीच शिकवत होती.

शुक्रवार हा लेखनाचा. बाजाराचा वृत्तांत प्रत्येकाने लिहावयाचा होता, आणि येथे त्या वर्गातील खरी अडचण उघडी पडली. बोलताना ओघवती असणारी मुले लेखणी हाती येताच आखडली. 'आमी बाजारला गेल्तो' हे तोंडात असलेले वाक्य 'आम्ही बाजारात गेलो होतो' असे करून कागदावर आणताना वाक्याचा जीवच निघून जातो. यावर बाईंची रीत अशी की, पहिला खर्डा घरच्या बोलीत, कोणतीही दुरुस्ती न करता. तो मोठ्याने वाचून दाखवायचा. आणि मग दुसरा खर्डा पुस्तकी भाषेत. वर्गाच्या भिंतीवर 'आमचे शब्द' या मथळ्याचा एक तक्ता आहे, त्यात वाघर, बिराड, कोकरू, घोंगडे असे मुलांनी आणलेले शब्द आणि त्यांचे अर्थ आहेत. घरची भाषा ही चुकीची भाषा आहे असा ग्रह या वयात एकदा झाला की मूल लिहिणे टाळू लागते. तो ग्रह होऊ न देणे हे शुद्धलेखनाच्या दहा नियमांहून मोठे काम आहे. वाचनपेटीत 'किशोर' मासिकाचे जुने अंक आहेत. बालभारतीने १९७१ मध्ये सुरू केलेले हे मासिक याच वयासाठी आहे, आणि लेखन आटोपलेली मुले त्यात डोके घालून बसली होती.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर पाचवीचा शिष्यवृत्तीचा जादा तास झाला. पूर्वी चौथी-सातवीला असलेली ही परीक्षा २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला नेण्यात आली. भाषा-गणिताची एक आणि इंग्रजी-बुद्धिमत्तेची एक अशा दीडशे-दीडशे गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका. खेड्यातील हुशार मुलाला या परीक्षेने आजवर पुष्कळ दिले आहे, ही गोष्ट मी कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु चार पर्यायांतून एक गोल काळा करण्याचा सराव ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत चालवला की बाजारात पाहिलेल्या तीन वाटांपैकी सर्वांत झटपट तेवढी एकच शिल्लक राहते. बाईंना हे कळते, पालकांची अपेक्षाही कळते, आणि त्या दोहोंच्या मध्ये त्या उभ्या आहेत. त्यातच निवडणुकीच्या याद्या, ऑनलाइन माहिती भरणे, निरनिराळे अहवाल यांचा भार. शिक्षण हक्काच्या कायद्याने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकाला देऊ नयेत असे स्पष्ट म्हटलेले आहे. तरी शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचनंतर त्या मोबाइलवर माहिती भरीत बसलेल्या मी पाहिल्या. त्या तेहेतीस आठवड्यांतील चोवीस तास तरी त्यांचे निर्वेध राहावेत, एवढी मागणी कोणी केली तर ती अवाजवी ठरू नये.

शनिवारी सकाळची शाळा. २०२४ पासून शासनाने 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम सुरू केला, त्यामुळे दप्तरे घरी होती. प्रथम कवायत झाली. 'उजवीकडे वळ' हा हुकूम बाईंनी लागोपाठ तीन वेळा दिला, आणि मुले जेव्हा थांबली तेव्हा मुळात ज्या दिशेला तोंड होते तिच्या डाव्या हाताकडे सगळ्यांची तोंडे झाली होती. एकदम कोणीतरी ओरडले, "बाई, पाऊण फेरा!" एक वळण म्हणजे एक काटकोन, चार काटकोनांचा पूर्ण फेरा, तेव्हा तीन काटकोनांचा पाऊण. मग लेझीम झाली, आणि तिच्या खणखणाटात तीन ताल आणि एक थांबा असा पाऊणचा एक नवा हात मुलांनी आपल्या मनाने बसवला.

वर्गात परतल्यावर चौकटीतल्या प्रश्नाचा निकाल लावायचा होता. एका मोठ्या कागदावर मुलांनी आठवडाभर गोळा केलेली उत्तरे लिहिली: तासाची पंचेचाळीस मिनिटे, किलोचे साडेसातशे ग्रॅम, रुपयाचे बारा आणे, अंगणाचे दोनशे चाळीस चौरस मीटर, शाळेची छत्तीस मुले, विसाची पंधरा मेंढरे, फेऱ्याचे तीन काटकोन. सर्वांत वर मथळा काय द्यावा यावर थोडा वेळ चर्चा झाली, आणि अखेरीस पाचवीच्या मुलांनी ठळक अक्षरांत लिहिले: 'आधी सांगा, कशाचे?' अपूर्णांकाचे सारे गूढ या तीन शब्दांत आहे. पूर्ण कोणते ते ठरल्याशिवाय अंशाला अर्थ नाही, हे तत्त्व मोठ्या वर्गांतही पुष्कळांच्या हातून निसटते.

बाईंनी चौकट पुसली. मुले पांगली, पण धनगरवाड्यावरचा तो मुलगा टेबलापाशी घुटमळत राहिला. दिवाळी झाली की त्याचे बिराड मेंढरे घेऊन कोकणात उतरणार होते, आणि पावसाळ्याच्या तोंडापर्यंत तो या वर्गात दिसणार नव्हता. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असते. जेथे मुक्काम पडेल तेथील शाळेने ते पाहून मुलाला वर्गात घ्यावे आणि पुढे शिकवावे, अशी योजना आहे. ते कार्ड बाईंनी आधीच काढून ठेवले होते. लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारले की, घाटापर्यंत चालायला किती दिवस लागतात?

"पाऊण आठवडा लागतो, बाई."

"कोणता आठवडा? शाळेचा, का बाजाराचा?"

तो थांबला. शाळेचा आठवडा सहा दिवसांचा, आणि मेंढरांना रविवारची सुट्टी नसते. त्याने बोटांवर काहीतरी धरले, सातातून पावणेदोन टाकले, आणि म्हणाला, "बाजाराचा. सव्वापाच दिस."

बाईंनी कार्डावर गणितापुढच्या रकान्यात लिहिले: 'समच्छेद अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी येते. तोंडी हिशेब उत्तम. येथून पुढे भिन्नच्छेद सुरू करावेत.' खाली सही केली, तारीख घातली, आणि कार्ड पावसात भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच्या हाती दिले.